पत्ता आणि नाव

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांनी गाव व आडनाव विचारून वही काढली आणि पणजोबांचे नाव आम्ही त्यांच्याच हस्ताक्षरात प्रथमच वाचले. ती पाने आम्ही नावानावाने उतरवून घेतली. पुढे सी भाषेत नवशिके असूनही ती एस्क्यूलाइटमध्ये ठेवावयाचे ठरविले. २००० साली आलेल्या या प्रणालीत सारी माहिती एकाच फाइलीत राहते.

नावांची रांग, म्हणजे ‘अ‍ॅरे’, संगणकाच्या स्मृतीत तयार झाली. ती आम्ही एक अखंड तुकडा म्हणून फाइलीत लिहिली. दुसऱ्या दिवशी उघडली, तर नावांऐवजी निरर्थक आकडे! रांगेत नावे कधी नव्हतीच. ती स्मृतीत कोठे आहेत, त्याचे केवळ पत्ते होते. संगणक बंद होताच नावे गेली, पत्ते उरले.

मग वहीचीच रीत पत्करली : एका नावाला एक ओळ. आज्ञा एकदाच सिद्ध करावयाची, तिच्या रिकाम्या जागी नाव बसवावयाचे, ओळ लिहावयाची, आज्ञा पुन्हा मोकळी करून पुढचे नाव घ्यावयाचे. साऱ्या ओळी एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या. मध्येच वीज गेली तरी अर्धे कूळ लिहिलेले राहत नाही.

सारे साधले. एक रकाना मात्र रिकामा आहे. पणजीचे माहेर आम्हांस ठाऊक आहे. नाव वहीत नाही, घरातही कोणास आठवत नाही. तिचाही पत्ताच तेवढा जपला गेला.