रोहिड्याचा फोटो

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लावणीसाठी शिरवळहून हिर्डोशीला आलो आणि त्याच रात्री माझं लिंक्डइन बंद झालं. ॲप उघडत होतं, पण खात्यावर तात्पुरतं बंधन घातलंय, ओळख पटवा, एवढंच लिहून येत होतं. रांजणगावच्या एका कारखान्यातल्या बाई माझ्या मुलाखतीचा दिवस कळवणार होत्या. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. सगळं बोलणं त्या बंद पडलेल्या मेसेजांतच अडकलेलं.

आमच्या गावात पावसाळ्यात रेंज शोधावी लागते. वीज गेली की टॉवरही जातो. भोर-महाड रस्त्याला एका वळणावर नीरा देवघर धरणाचं पाणी उघडं दिसतं, तिथे दोन दांड्या येतात. वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, त्यामुळे रस्त्यालाही वर्दळ नसते. दिवसभर चिखल तुडवायचा आणि संध्याकाळी छत्री घेऊन त्या वळणावर उभं राहायचं, असे माझे पाच दिवस गेले.

चूक माझीच होती. मार्चपासून नोकरी बदलायचं डोक्यात होतं. खोलीवरच्या मित्राने ब्राउझरमध्ये टाकायचं एक एक्स्टेन्शन दिलं. पद आणि शहर भरायचं, बाकी ते आपोआप निमंत्रणं पाठवत राहतं. मी सेकंड शिफ्टला मशीनवर उभा आणि खोलीवर माझा लॅपटॉप पुण्या-चाकणच्या मॅनेजरांच्या दारात. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. मे महिन्यात एकदा ताकीद आली होती की असं साधन वापरत असाल तर बंद करा. मी खालचं बटण दाबून पुढे गेलो. आपण कुठली ताकीद पूर्ण वाचतो?

या वेळी वळणावर उभा राहून सगळे नियम वाचले, कारण दुसरं काही उघडतच नव्हतं. ही साइट 2003पासून चालू आहे, हल्ली मराठीतही दिसते, आणि माझं खातं सहा वर्षांचं. तरी पहिल्यांदाच वाचत होतो. खरं नाव द्या. एका माणसाचं एकच खातं. पासवर्ड दुसऱ्याला देऊ नका. आपोआप काम करणारी साधनं लावू नका. निमंत्रण ओळखीच्यांनाच पाठवा. आठवड्याला किती निमंत्रणं चालतात, तो आकडा कंपनी सांगत नाही. लोक शंभराच्या आसपास म्हणतात. पण पाठवलेल्यांपैकी बहुतेक पडून राहिली किंवा लोकांनी 'मी यांना ओळखत नाही' असं सांगितलं, की खात्यावर नजर जाते.

यातला एकही नियम मी धड पाळला नव्हता. नवी मुंबईतल्या चुलतभावाचं खातं जुन्या सिमकार्डाबरोबर गेलं होतं, म्हणून तो माझ्या पासवर्डाने जाहिराती बघायचा. आडनावाच्या रकान्यात आडनावापुढे मी 'सीएनसी एक्स्पर्ट' जोडलं होतं, शोधताना वर येतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून. आणि चेहऱ्याच्या जागी रोहिड्याचा फोटो. धुक्यातला बुरूज, मीच काढलेला. हिरडस मावळातल्या माणसाने आणखी काय लावायचं? मागच्या आडव्या पट्टीत किल्ला चालतो, गोल चौकटीत मात्र स्वतःचा चेहराच लागतो, हे तेव्हा कळलं.

घरी नानांना, म्हणजे आजोबांना, काय झालंय ते सांगायचा प्रयत्न केला. नाना मशीद बंदरला माथाडी होते, 1969चा माथाडी कायदा आला त्याच्या आगेमागे मुंबईला गेलेले. आमच्या भागातले खूप जण तसेच गेले. त्यांनी एकच विचारलं, "किती जनांना पत्र धाडलंस?"

मी म्हटलं, "हजाराच्या पुढे असतील."

"वळखीचं किती त्यात?"

मी गप्प बसलो. मग नानांनी त्यांच्या वेळचं सांगितलं. गावातला कुणी टोळीत असला तर तो मुकादमाकडे शब्द टाकायचा. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. पोरगं आठ दिवसांत पळून आलं की शब्द टाकणाऱ्याचं तोंड खाली. पुढच्या वेळी मुकादम त्याला उभा करत नसे. चुलतभावाचं ऐकून तर ते हसलेच. "टोळीत नाव एकाचं आन् पाठ दुसऱ्याची, आसं नव्हतं चालत."

आजोबांचे नियम आणि अमेरिकेतल्या कंपनीचे नियम इतके सारखे निघावेत, याचा मला थोडा रागच आला. एक फरक होता. मुकादमाला जाऊन भेटता यायचं. इथे भेटायला कुणी नाही. एक चौकट, तिच्यात ओळखपत्राचा फोटो टाकायचा आणि वाट बघायची.

तो फोटोही धड निघेना. घरात वीज नाही, फ्लॅश लावला की लायसन्सच्या प्लास्टिकवर पांढरा डाग. शेवटी पडवीत पत्र्याच्या पेटीवर लायसन्स ठेवलं, आईने कंदील तिरका धरला, तेव्हा कुठे अक्षरं वाचता आली. वळणावर जाऊन तो पाठवला. चढायला वीस मिनिटं लागली. एक्स्टेन्शन काढायचं तर लॅपटॉप शिरवळला, म्हणून मित्राला फोन करून काढायला लावलं. चुलतभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढ्यासाठी पासवर्ड बदलतोस होय?"

सहाव्या दिवशी खातं उघडलं. नावात नावाशिवाय काही ठेवू नका, अशी सूचना सोबत होती. रांजणगावच्या बाईंचा मेसेज चार दिवसांपूर्वीचा, मुलाखत आदल्या दिवशी होऊन गेलेली. मी माफी मागून लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि त्यांनी ते का द्यावं?

मग त्या वळणावरच बसून पडून राहिलेली निमंत्रणं मागे घ्यायला लागलो. एक-एक करून. एकदा मागे घेतलं की त्याच माणसाला तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही, पण मला कुणाला पाठवायचंच नव्हतं. ठाण्याचे, बेंगळुरूचे, कुठल्या कुठल्या कंपन्यांचे उपाध्यक्ष. अंगठा दुखायला लागला. साडेतीनशेच्या पुढे कुठेतरी एक चेहरा आला आणि थांबलो. पलीकडच्या वाडीतला, शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं, एकाच एसटीने भोरला जायचो. खाली लिहिलेलं, प्रॉडक्शन सुपरवायझर, रांजणगाव. निमंत्रण जाऊन नऊ आठवडे झालेले.

त्याच्या घरून नंबर घेतला आणि फोन लावला.

"आरं, तू हायेस व्हय ते?" तो म्हणाला. "मला वाटलं कुनी कोर्सवाला. नाव बघतोय तर एक्स्पर्ट, फोटो बघतोय तर किल्ला. तसली धा येत्यात रोज."

मग त्याने लावणी कुठवर आली ते विचारलं, त्यांच्या वरच्या खाचरात पाणी ठरतंय का ते विचारलं. नोकरीचं मीच काढलं. "बघतो," म्हणाला, "पन विचारल्याबिगर कुनाला नाव सांगू नको माजं."

फोन ठेवला. दोनच दांड्या होत्या, त्यातली एक गेली होती. ती यायची वाट बघत पडवीतल्या उजेडात आईने काढलेला माझा फोटो शोधला आणि रोहिड्याच्या जागी लावला. डोक्यावर प्लास्टिकचा कागद आहे त्यात, पण तोंड ओळखू येतं.