हळद, साबण आणि टोइंगची मर्यादा

मे महिन्यात गाडीने अकोल्याहून अमरावतीला जायचं तर आदल्या संध्याकाळपासून घरात लगबग असे. रस्ता शंभरेक किलोमीटरचा. बंपरला कॅनव्हासची छागल टांगली जाई. ते पाणी माणसांचं. डिकीत पत्र्याच्या डब्यात दुसरं पाणी, ते रेडिएटरचं. शिवाय जास्तीचा फॅनबेल्ट, जुन्या धोतराच्या चिंध्या, पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा, प्लगपाना, हँडल, पुडीभर हळद आणि कपड्याच्या साबणाची वडी. रेडिएटर झिरपू लागलं तर पाण्यात हळद टाकायची, ती भेगेत जाऊन बसते; पेट्रोलची टाकी गळू लागली तर साबण ओला करून चोळायचा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. हळद आणि साबण घरातूनच जात असल्यामुळे गाडीची खरी प्रकृती आईला सगळ्यांच्या आधी कळायची.

आता त्याच रस्त्याला लागताना आम्ही फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, एवढं पाहतो. बाकीची तयारी वर्षातून एकदा, विम्याच्या नूतनीकरणाला, मोबाइलवर बरोबरच्या खुणा करत होते. रस्त्यावरची मदत हवी? इंजिन संरक्षण? झिरो डेप? वाढीव वारंटी? तेव्हाची तयारी उचलून डिकीत ठेवावी लागे, आताची वाचावी लागते. म्हणून ती कोणी करत नाही.

खरं सांगायचं तर त्या हळदीने प्रवास पार पडायचा असं नाही. हा जुना सहा नंबरचा महामार्ग, धुळे-जळगावकडून येऊन अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला जाणारा. त्यावर वैशाखाच्या दुपारी कुठलीही गाडी रुसायची. बॉनेटखालच्या आचेने पेट्रोलपंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप बिचारा वाफच ढकलत बसायचा आणि कार्ब्युरेटर कोरडा. मग ओली चिंधी पंपावर गुंडाळायची आणि कडुलिंबाखाली बसायचं. पंधरा मिनिटांत माणसं जमत. बंडी थांबे, सायकल थांबे, एसटीतून खिडकीभर डोकी बाहेर येत.

"काय झालं जी?"

"कॉइल गेली असन."

"नाई जी, पेट्रोलमधी पानी हाये."

"पहिले धक्का तं मारून पाहा ना बाप्पा. लावा रे पोट्टेहो!"

चौघांची चार मतं, आणि चौथा बहुधा कधी गाडीत बसलेला नसे. धक्क्याने भागलं नाही तर घरातलं एक माणूस ट्रकला हात करून मूर्तिजापूरला मिस्तरी आणायला जाई. उरलेले डबा उघडत. पोळ्या, पिठलं, कांदा. कोणीतरी शेतातून पाण्याची कळशी आणून देई, चौकशीत पाहुणे कोणाकडले, गाव कोणतं, असं करत करत कुठेतरी सोयरीक निघे. वऱ्हाडात अर्धा तास थांबलात आणि नातं निघालं नाही, असं होत नसे.

आता तो रस्ता त्रेपन्न नंबरचा झाला आहे आणि जगप्रसिद्धही. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला टप्प्यात लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग केलं गेलं. त्याची गिनीज बुकात नोंद आहे. जिथे आम्ही दुपारच्या दुपारी बसून काढल्या, तो रस्ता आता वेगासाठी नावाजला जातो. गाड्याही बदलल्या. कार्ब्युरेटर गेला, त्याच्याबरोबर ती वाफही गेली. आता गाडी थांबते ती एखाद्या सेन्सरच्या सांगण्यावरून. समोर इंजिनाचं छोटं पिवळं चित्र लागतं, आणि ढाब्यावरचा माणूस बॉनेटखाली डोकावून, सगळं काळ्या प्लास्टिकने झाकलेलं पाहून, काही न बोलता परत जातो. पूर्वी गाडी का थांबली याबद्दल प्रत्येकाला मत होतं. आता स्कॅनर लावेपर्यंत कोणालाच नसतं.

आपण डोळे ओले करतो ते त्या जमलेल्या माणसांसाठी. पण ती माणसं कोणासाठी जमायची, हेही बोलायला हवं. सत्तरच्या दशकात वऱ्हाडात मोटार होती डॉक्टरकडे, वकिलाकडे, जिनिंगवाल्याकडे. टीव्ही नव्हता, आणि वकीलसाहेबांची गाडी धुऱ्यावर उभी आहे, हा बघण्याचाही भाग होता. कापसाच्या बंडीचं चाक मोडलं की तिच्याभोवती एवढी गर्दी होत नसे, आणि तिला मिस्तरी आणायला ट्रकवाला थांबत नसे. रात्री गाडी बंद पडली तर बायका काचा लावून, अंगावरचे दागिने काढून पदरात बांधून बसत. तेव्हा मदत माणूस पाहून मिळायची, आता ती पॉलिसी नंबर पाहून मिळते. न्यायाच्या बाजूने बघितलं तर दुसरंच बरं. तरी कॉलसेंटरवरची मुलगी हिंदीत "आपका लैंडमार्क बताइए" म्हणते तेव्हा आपण "कुरणखेडच्या अलीकडे, डाव्या हाताला मोठा कडुलिंब" असं सांगून बसतो आणि पलीकडे शांतता पसरते.

मोटारवाल्यांनी वर्गणी भरून मदत विकत घ्यावी, ही कल्पना तशी जुनीच. इंग्लंडात १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली ती पोलिसांच्या वेगसापळ्यांपासून सभासदांना वाचवायला. रस्त्यावरचा तिचा माणूस गाडीवरचा बिल्ला पाहून सलाम ठोकायचा. त्याने सलाम केला नाही तर समजायचं, पुढे पोलीस आहेत. मुंबईतही १९१९पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे. आमच्या वऱ्हाडात तो बिल्ला क्वचित दिसे. आमची सभासदी मिस्तरीकडे असायची.

मिस्तरी निवडणं हा घरातला गंभीर निर्णय होता. सून पाहावी तसं चार ठिकाणी विचारलं जाई. हात कसा आहे, पितो का, सामान बदलतो म्हणून सांगतो आणि जुनंच घासून बसवतो का. एकदा ठरला की ठरला. दुसऱ्याकडे गाडी उभी दिसली तर तो महिनाभर बोलत नसे. त्याच्याकडे जायचं म्हणजे दिवस द्यायचा. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर बूड टेकायचं, पेपर आणलेला असला तरी तो ग्रीसखाली अंथरला जाणार हे धरून चालायचं. बारा-तेरा वर्षांचं पोर अर्धी चड्डी घालून गाडीखाली झोपलेलं असे आणि वरून हुकूम सुटे, "बारा-तेराचा दे बे!" तो आकडा पान्याचा. पण पोराचं वयही तेच, आणि त्याने त्या वेळी शाळेत असायला हवं होतं, हे आम्हाला कोणालाही सुचलं नाही. स्मरणरंजन करताना हे पोर नेहमी चित्राच्या चौकटीबाहेर राहतं.

"संध्याकाळी नेजा" याचा अर्थ परवा. "पार्ट नागपूरहून येऊन राह्यला" याचा अर्थ पुढचा आठवडा. पार्ट खरोखरच नागपूरहून यायचा, एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेल्या पुडक्यातून. मग प्रश्न, "ओरिजनल टाकू का लोकल?" यावर कोणताही वऱ्हाडी गृहस्थ किंमत विचारल्यावाचून उत्तर देत नसे. वारंटी? मिस्तरी हात पुसत म्हणे, "मी आहो ना इथं." पावती नाही, सही नाही, मुदत नाही. पार्ट पुन्हा गेला तर मजुरी घेत नसे, सामानाचे पैसे मात्र आपले. आणि ही वारंटीही सरसकट नव्हती. ओळखीच्याला "मी आहो ना". हायवेवर अडलेल्या परक्या पासिंगच्या गाडीला तोच माणूस तिप्पट लावायचा, आणि आम्ही शेजारी टायरवर बसून ते ऐकत असू. बोलत नसू.

एक गोष्ट मात्र तो कधी चुकवत नसे. काढलेला जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून हातात द्यायचा. बदलला, याचा पुरावा. घरचे वडीलधारे तो तळहातावर तोलून बघत, जाणकारासारखी मान हलवत आणि माळ्यावर ठेवून देत. कुजका वॉटर पंप, घासलेली क्लच प्लेट, पॉइंटचे सेट. "लागतो कधी" म्हणून ठेवलेलं कधीच लागत नसे. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जाई. तरी आपल्या गाडीचं हृदय-यकृत एकदा हातात घेऊन पाहिलेलं असे.

आता अधिकृत गॅरेजमध्ये इस्त्रीच्या शर्टातला सल्लागार टॅबलेटवर सही घेतो. बसायला एसी खोली, कॉफीचं यंत्र, काचेपलीकडे गाडी. हात कोणाचा लागला हे कळत नाही. आणि वारंटीत पार्ट बदलला तर जुना पार्ट कंपनीचा होतो. तो परत जातो, तपासायला. गेलेली वस्तू आपली होती की नव्हती, हेच कळेनासं होतं. पण वेळ दिलेली पाळतात, दाम छापलेला असतो, आणि गाडीखाली पोर नसतं. याला नाव ठेवायचं म्हणजे जरा अतीच.

निवड मात्र जुन्यापेक्षा अवघड झाली आहे. मिस्तरी एकच होता. आता तीन कागद असतात आणि तिघांचं एकमेकांशी जमत नाही. गाडी कशावर आपटली तर विमा देणार. आपोआप काही बिघडलं तर वारंटी देणार. रस्त्यावरची मदत दोन्ही देत नाही. ती फक्त गॅरेजच्या दारात नेऊन सोडते. ब्रेकपॅड, क्लच प्लेट, वायपर या झिजणाऱ्या वस्तू तिघांच्याही हद्दीबाहेर. आणि तापमानाचा काटा लाल झाल्यावर "आलंच आता बडनेरा" म्हणून गाडी दामटली आणि इंजिन जाम झालं, तर तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आमच्या पिढीचं शौर्य नेमकं याच वाक्यात साठवलेलं होतं.

बंपरचं तेच. पूर्वी तो लोखंडी होता, वाकला तर डेंटर हातोडीने सरळ करी आणि चहा पिऊन जाई. आताचा प्लास्टिकचा, तो बदलावाच लागतो, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत घसारा म्हणून आपल्याच खिशातून जाते. ती वाचवायला झिरो डेप. मूळ वारंटी मात्र लांबली आहे. मारुतीने जुलै २०२४मध्ये दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटरची तीन वर्षं किंवा एक लाखावर नेली. डिसेंबर १९८३मध्ये पहिली मारुती आली तेव्हा आमच्या मिस्तरींनी तिच्याकडे बघून "हे पेटी कोण खोलन?" म्हटलं होतं. खोलली त्यांनी, सहा महिन्यांत.

सगळ्यात बारकाईने वाचायचं ते टोइंगचं कलम, आणि तेच आम्ही वाचत नाही. पुष्कळ योजनांत काही किलोमीटरपर्यंतच ओढून नेणं फुकट असतं. समजा, पन्नास. मूर्तिजापूर रस्त्याच्या मधे खरं, पण अकोल्याकडे झुकलेलं. त्याच्या जवळ गाडी बंद पडली तर अकोला मोफत पदरात पडतं आणि अमरावतीला जादा पैसे. म्हणजे घर अमरावतीत, आणि गाडी अकोल्याच्या अंगणात. कुठे बंद पडायचं हे गाडीला आधी समजावून ठेवायला हवं. चिखलदऱ्याच्या घाटात किंवा मेळघाटातल्या रस्त्यावर प्रश्न आणखी सोपा: रेंज नाही, तर ॲप नाही. तिथे अजून दगड लावून चाक अडवायचं आणि खालून येणाऱ्या जीपची वाट पाहायची, १९७५ सालासारखीच. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर आहे, तो लावायला पॉलिसी लागत नाही. हे किती जणांना ठाऊक आहे, हा भाग वेगळा.

समृद्धी महामार्गाची तऱ्हा निराळी. अमरावती जिल्ह्यातून, नांदगाव खंडेश्वरच्या बाजूने तो जातो. ताशी १२० ची मुभा, दोन्ही बाजूंना कुंपण, दुचाकीला बंदी. गाडी थांबली तर जवळच्या गावचा मिस्तरी मोटारसायकलीवर येऊ शकत नाही, बंडी थांबत नाही, कळशी येत नाही. कुंपणापलीकडे तुरीत निंदायला आलेल्या बाया मान वर करून बघतात. त्यांना विचारायचं असतं, काय झालं जी. आवाज पोचत नाही. इथे मात्र रस्त्यावरची मदत ही चैन राहत नाही, घ्यायलाच हवी.

म्हणून आम्ही घेतो. मदत घेतो, वारंटी वाढवतो, पैसे भरतो, आणि तरीही एखाद्या रविवारी, खडखड आवाज येतोय असं निमित्त काढून, गाडी जुन्या मिस्तरींकडे नेतो. टायर तोच. पोर नाही, मुलगा आयटीआय करून कंपनीच्या गॅरेजात लागला आहे. मिस्तरी चष्मा कपाळावर ढकलतात, आवाज ऐकतात, आणि बॉनेटला हातसुद्धा लावत नाहीत.

"वारंटीत हाये ना? मंग मी नाई खोलत. बाहेर खोलली म्हणून कंपनीवाले तुमचंच मोडतीन."

"मग कोण बघणार?"

"पोट्टा पाहीन ना तिथं. सांगतो त्याले. तुम्ही पाच वर्सं भरा भाऊ पैसे. वारंटी सरली का आणजा इकडं, मी आहो ना इथं."