धूर, विस्तव आणि मागचा बाक

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला म्हसोबाची यात्रा भरते. पाळणे, मिठाई, घोंगड्यांचे ढीग सगळं असतं, पण खरा जीव बैलबाजारात. तिथे गिऱ्हाईक बैलाच्या देखणेपणावर जात नाही, आधी जबडा उघडतं. दोन दात, चार दात, सहा दात की जुळलेला, त्यावरून वय ठरतं. मग चालवून बघायचं, खुरं बघायची, खांदा चाचपायचा. व्यापारी शपथेवर सांगतो म्हणून कुणी पैसे मोजत नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या ज्ञानाच्या प्रमाणांपैकी कशाला किती वजन द्यायचं, याचा निवाडा तिथे उभ्या उभ्या होतो.

अशा घरांतली मुलं तालुक्याच्या कॉलेजात येतात आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो: सर्व माणसं मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. मुलं मुकाट्याने उतरवून घेतात. दर जूनमध्ये महाराष्ट्रभर सॉक्रेटिस असा नव्याने मरतो आणि कुणालाही त्याचं सुतक नसतं. युक्तिवाद बिनचूक आहे. पण त्यात शंका घ्यावी असं काही नाही, आणि शंकेवाचून वर्गाला तोंड फुटत नाही.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे जुने पंडित, या बाबतीत जास्त मुरलेले शिक्षक होते. दुसऱ्याला पटवायच्या अनुमानाचे त्यांनी पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. उदाहरण वगळायची सोय नाही. आणि दृष्टान्त कसा हवा, तर सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांनाही सारखाच मान्य असणारा. डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे विस्तव आहे, जसं स्वयंपाकघरात.

इथे मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, आमच्याकडे गॅस आहे. विस्तव आहे, धूर कुठाय?’

वर्ग हसतो. खरं तर तास आत्ता सुरू झालेला असतो. धूर तिथे विस्तव हा नियम आहे. विस्तव तिथे धूर हा नाही. नैयायिकांनी यासाठी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे केला होता, मुरबाडच्या पोराने गॅसची शेगडी केली. ‘मग धूर होतो कधी?’ एवढंच विचारून गप्प बसायचं. पावसाळ्यात चूल फुंकलेली एखादी मुलगी सांगते, ‘लाकडं ओली असली की.’ न्यायग्रंथांत ज्याला उपाधी म्हणतात, ती हीच: ओल्या इंधनाचा संयोग. फळ्यावर तो शब्द तिच्या उत्तरानंतर लिहायचा, आधी नाही. मग दुसरा कुणी म्हणतो, उन्हाळ्यात उतारावर धूर दिसला तर राब भाजत असतील. आषाढात सिद्धगडावर दिसतो तो धूरच नव्हे, धुकं. चला, हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतूही आला. या सगळ्यात शिक्षकाचं कसब काय, तर ‘बरोबर!’ हा शब्द जिभेवर आलेला असताना थोडा वेळ गिळून ठेवणं.

दोन परंपरांना एकमेकींशी बोलतं करणं ही नुसती वर्गातली युक्ती नाही. कीर्ती कॉलेजात शिकवणारे मे. पुं. रेगे आणि तत्त्वज्ञ दयाकृष्ण यांनी १९८३ मध्ये पुण्यात शास्त्री-पंडित आणि विद्यापीठांतले प्राध्यापक समोरासमोर बसवले. विषय बर्ट्रांड रसेलची विधानाविषयीची मांडणी. ती संस्कृतात पंडितांपुढे ठेवली गेली आणि त्यांनी ती न्याय-मीमांसेच्या कसोटीवर घासली. पंडितांकडून रसेलचं कौतुक ऐकायचं नव्हतं, त्यांचे आक्षेप हवे होते. मला यातला शिक्षक दिसतो: समोरच्याला विद्यार्थी न मानता प्रतिपक्ष मानणारा.

नीतिशास्त्राच्या तासाला या वृत्तीची खरी परीक्षा होते. म्हशाच्या यात्रेत नवस फेडायला काहीजण पाठीत लोखंडी गळ टोचून घेतात, आणि कधी ना कधी वर्गात तो विषय निघतोच. शिक्षकापुढे दोन सोप्या पळवाटा असतात. ‘अंधश्रद्धा’ म्हणून विषय मिटवायचा, नाहीतर ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून. दोन्हींत पोर्शन पुढे सरकतो, विचार तिथेच राहतो.

जुने भाष्यकार आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू मांडत, तोही कच्चा नव्हे. म्हणून गळाला विरोध करणाऱ्या मुलालाच उभं करायचं: तू नवस फेडणाऱ्याच्या बाजूने बोल. तो चाचरत म्हणतो, नवस म्हणजे दिलेला शब्द, आणि शब्द पाळला पाहिजे. म्हणजे पोरगं वचनपालनाला कर्तव्य मानणाऱ्या कांटच्या उंबऱ्यावर आलं. लगेच श्रद्धावंतांच्या बाकावर प्रश्न टाकायचा: आईने बोललेला नवस मुलाने आपल्या पाठीवर का फेडावा? दुसऱ्याच्या वतीने दिलेला शब्द आपल्याला बांधतो का? आता गडबड दोन्हीकडे होते. कुणाचं मत त्या तासात बदलत नाही, बदलायची घाईही नसावी.

चांगलं शिकवलं गेलं की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ताडतो. न पटणारी बाजू विद्यार्थ्याने अशी मांडावी की ती बाजू मानणारा म्हणेल, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ हे साधलं तर कांटची दोन प्रकरणं राहिली तरी चालतील. हे राहिलं, तर पोर्शन वेळेत संपूनही तत्त्वज्ञान शिकवायचं राहूनच गेलं.