कांचपट्टी आणि यंत्राची नजर

घरांतील माणसाच्या दुखण्याविषयीं चारचौघांत बोलूं नये, असा आमच्या घराण्याचा जुना शिरस्ता आहे. तो आज आम्ही मोडीत आहों. आणि ज्यांचें दुखणें त्यांच्याच आज्ञेवरून मोडीत आहों, एवढें आरंभींच सांगितलेलें बरें.

आमचें घर घोडेगांवीं. घोडनदीच्या काठचें हें आंबेगांव तालुक्याचें मुख्य ठिकाण. पश्चिमेस डिंभ्याचें धरण आणि त्यापलीकडे भीमाशंकराचे डोंगर. तिघां भावांचा संसार एकाच चुलीवर चालतो आणि थोरल्या वहिनींच्या शब्दावांचून घरांत पान हालत नाहीं. गेल्या वर्षीं गौरीगणपति आटोपल्यावर वहिनींच्या छातींत गांठ असल्याचें प्रथम आमच्या कानीं आलें. त्यांस पुण्यास नेलें, सुईनें तुकडा काढला, आणि ‘चार दिवसांत कळवूं’ असें आम्हांस सांगण्यांत आलें. चाराचे अकरा दिवस झाले.

ते अकरा दिवस कसे गेले हें काय सांगावें! फोन वाजला कीं स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थांबे. अखेर उशिराचें कारण कळलें. तुकड्याच्या कांचपट्टीचें चित्र यंत्रानें उतरवून दुसऱ्या तज्ज्ञांच्या मतासाठीं पाठविलें होतें. तें एका बाजूस अंधुक निघालें. तज्ज्ञांनीं चित्र उघडीपर्यंत ही गोष्ट कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं. तोंवर पट्टी कपाटांत जाऊन पडली होती. ती शोधून पुन्हां यंत्रांत घालण्यांत आठवडा गेला. आम्ही यंत्रास, डॉक्टरांस आणि एकंदर काळासच यथेच्छ बोल लावले.

दिवाळीस धाकट्या भावाचा मुलगा घरीं आला. तो संगणकाच्या याच विद्येंत काम करतो. आमचा संताप ऐकून घेऊन तो म्हणाला, “काका, रागावण्यापूर्वीं त्या यंत्राचें काम तरी समजून घ्या.” मग त्यानें सांगितलें तें असें.

शरीरांतून काढलेला तुकडा मेणांत बसवून त्याचा तीन ते पांच मायक्रॉन जाडीचा काप घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो काप कांचेवर चढवून रंगवितात. पेशींचीं केंद्रें निळींजांभळीं आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. स्कॅनर या कापाचें चित्र पाव मायक्रॉनास एक ठिपका या हिशेबानें काढतो. दीड सेंटिमीटर चौरस कापाचे ठिपके किती होतील? साठ हजार गुणिले साठ हजार, म्हणजे ३६० कोटी! आणि एवढ्या मोठ्या भिंगाखालीं साधारण एक मायक्रॉन खोलीचाच थर स्पष्ट दिसतो. काप कोठें उंच, कोठें दुमडलेला असतो. यंत्र ठराविक ठिकाणीं भिंग जुळवून मधल्या भागाचा अंदाज करतें. त्यांतलें एखादें ठिकाण धुळीच्या कणावर पडलें, कीं भोंवतालचा सारा भाग अंधुक होतो.

येथें डीप लर्निंगचा उपयोग होतो. अंधुक चित्र आणि भिंग त्या वेळीं किती वरखालीं होतें तें अंतर, अशा हजारों जोड्या संगणकास दाखवितात. पुढें एकच अंधुक चित्र पाहून भिंग किती आणि कोणत्या बाजूस सरकवावें हें तो सांगूं लागतो; निरनिराळ्या उंचीवर अनेक चित्रें काढून पाहण्याचा वेळ वांचतो. कोरी कांच कोणती आणि काप कोणता हेंहि तो आधीं ओळखतो. छातींतील चरबीचा भाग रंगांत फिका असतो; जुन्या पद्धतीनें तो कधीं कधीं कोरी कांच समजून सुटून जाई. शिवाय चित्र पुरें होतांच तो तें तपासतो, आणि पट्टी यंत्रांत असतांनाच दोष दाखवितो. आमचा आठवडा नेमका येथेंच वांचला असता.

“मग निदानहि त्यासच करूं द्यावें कीं!” आम्ही म्हणालों. पुतण्यानें मान हालविली. ज्या रंगाच्या पट्ट्या त्यास दाखविल्या तेवढ्याच तो जाणतो; प्रयोगशाळा बदलली कीं रंग बदलतो आणि तो चुकूं शकतो. अंधुक चित्र आपल्या कल्पनेनें स्पष्ट करून दाखविणारे कार्यक्रमहि आहेत; पण तेथें नसलेली रेघ तो भरून दाखवील, हा धोका आहेच. या विद्येचा पायाहि माणसाच्या डोळ्यांचाच आहे. मुंबईच्या आयआयटींतील प्राध्यापक अमित सेठी आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं सात अवयवांच्या ३० चित्रांत २१,००० हून अधिक पेशीकेंद्रें एकेक करून रेखलेला संग्रह जगास खुला केला. १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर सूक्ष्मदर्शकास डोळा लावून पट्ट्या वाचीत. आज पडद्यावर वाचतात, पण वाचणारा माणूसच असतो.

आम्हांस वाटलें, भीमाशंकराच्या पायथ्याच्या वाड्यांतून एक खेप पुण्यास जाण्यांत ज्यांची मजुरी बुडते, त्यांचें या सुधारणेनें किती हित होईल! आम्ही तसें बोलून दाखविलें, आणि पुन्हां एकवार त्या गेलेल्या आठवड्याबद्दल हळहळलों.

वहिनी दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. रोग निघाला होता. शस्त्रक्रिया होऊन औषधोपचार चालू होते. त्या शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, यंत्रानें आठवडा घालविला, हें खरें. पण गांठ माझ्या हातास लागली ती चैत्रांत. गौरी येऊन गेल्या तरी मीं कोणास सांगितलें नव्हतें. भरल्या घरांत असलें कोणाजवळ बोलावें? ते पांच महिने कोणत्या यंत्रानें वांचविले असते?”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. चौदा माणसांच्या घरांत एका बाईस आपलें दुखणें सांगण्यास जागा नव्हती, आणि आम्ही एका आठवड्याचा हिशेब मागत होतों.

वहिनी आतां बऱ्या आहेत. तपासणीस वेळच्या वेळीं जातात. “हें लिहा,” असें त्यांनींच आम्हांस बजावलें. कांचेवरचा अंधुकपणा ओळखणारें यंत्र निघालें, ही आनंदाची गोष्ट आहे. घरांतील गप्प बसलेलें माणूस मात्र घरच्यांनींच ओळखावयास हवें.