सात प्रश्न

नाना रात्रीतून चार-पाचदा उठत, हे आमच्या देवपूरच्या घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. पांझरेचा पूल ओलांडून गावात जाणे त्यांनी सोडले, तेही आम्ही वार्धक्याच्या खाती टाकले. एका पहाटे लघवी पूर्ण अडली. नळी घातल्यावरच मौन फुटले.

डॉक्टरांनी सात प्रश्नांचा तक्ता पुढे केला. धार बारीक होते का, मध्येच खंडते का, कुंथावे लागते का... प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35. उपचार पुष्कळसा याच उत्तरांवर ठरतो. त्रास थोडा असेल तर संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी करून वाट पाहायची. टॅमसुलोसिन स्नायू सैल करते, गुण काही दिवसांत येतो. फिनास्टेराइड वाढलेली ग्रंथी आकसवते, मात्र सहा महिने धीर हवा. एवढ्याने भागले नाही तर दुर्बिणीतून किंवा लेसरने शस्त्रक्रिया. निवड रुग्णाच्या शब्दांवर, आणि नानांपाशी शब्दच नव्हते!

आमच्यापाशी होते. प्रोस्टेटला ‘पुरःस्थ’ म्हणतात, मूळ ग्रीक अर्थही ‘पुढे उभा’ असाच. सुश्रुताने मूत्राघाताचे 12 प्रकार मोजले आहेत. वर्गात शोभणारी ही विद्या त्या खाटेशी निरुपयोगी ठरली.

मग एकेक प्रश्न घरच्या बोलीत विचारला. लघवी आवरून धरता येते का, या चौथ्यापाशी ते खिडकीकडे पाहत म्हणाले, “म्हणून तर गावात जात नव्हतो.”

बेरीज 27 झाली. औषध सुरू करून तीन दिवसांनी नळी काढली, लघवी सुटली. शस्त्रक्रियेविषयी नाना आता स्वतःच बोलतात. सूनबाई चहा ठेवून आत जाईपर्यंत तेवढे थांबतात.