नकाशा, गल्ला आणि कर्मादान

मेढ्याच्या बाजारपेठेत एका जैन कुटुंबाचे तीन पिढ्यांचे किराणा दुकान आहे. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असल्याने केळघर, कुसुंबी, बामणोलीकडील माणसे कचेरीच्या कामाला आली की दुकानात डोकावतात. २०२४ मध्ये ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाची प्रारूप विकास योजना हरकती-सूचनांसाठी खुली झाली. जावळी, सातारा, पाटण या भागांतील २३५ गावांचा तिच्यात विचार होता. तेव्हापासून गिऱ्हाइके सामानाच्या यादीबरोबर एक प्रश्नही आणू लागली : “शेठ, आमची जमीन नकाशात कुठल्या रंगात आली?”

शेठजींनी नकाशा पाहिलाच नव्हता. रस्त्याकडेला त्यांची स्वतःची जमीन होती आणि दलाल दोनदा येऊन गेले होते. व्यापाऱ्याने गावाच्या वादात पडू नये, ही वडिलांची शिकवण त्या दिवसांत त्यांना फार सोयीची वाटली.

पाक्षिक प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांचा उच्चार झाला, तेव्हा मात्र ते थबकले. वनकर्म म्हणजे जंगलतोडीवर उपजीविका, स्फोटकर्म म्हणजे भूमी फोडणे, सरोवर-शोषण म्हणजे जलाशय आटवणे. पाठ असलेले हे शब्द आजवर ओठांवरून निघून जात. त्या संध्याकाळी त्यांत डोंगरउतारावरील हॉटेले आणि आटणारे झरे दिसले. श्रावकाला व्यापार वर्ज्य नाही. कोणत्या मिळकतीत किती जीवांचा घात आहे, हे तपासणे त्याला चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाकडून नकाशा काढवून घेतला व तो गल्ल्याशेजारी मांडला. शेतकरी येत, आपला गट शोधत. हळूहळू शेजारचे दुकानदारही बसू लागले. कुणी म्हणाले, “विकास नको म्हणून कसे चालेल? आपली पोरे मुंबई-पुण्याला जातात.” तेही खरेच होते.

मग उदाहरणे निघाली. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले आणि गर्दी वाढली. तेथे फुलांच्या हंगामात रोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरली. कास, एकीव, आटाळी, कासाणी येथील वन व्यवस्थापन समित्यांनी प्रवेशशुल्क व देखरेख सांभाळली. स्थानिकांना काम मिळाले. भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले, ते ग्रामस्थांनी आपल्या घरांतील खोल्या वाचकांना उघडून दिल्या म्हणून. दोन्हीकडे व्यवहार आहे आणि त्याला परिमाणही आहे.

शेवटी दुकानदारांनी एकत्रित सूचना लिहिली : बांधकामाच्या परवानगीआधी पाण्याचा व कचऱ्याचा हिशेब मांडावा, मोठ्या हॉटेलांआधी घरगुती निवासाला प्राधान्य मिळावे, तांदूळ, नाचणी, मध यांची खरेदी स्थानिक गावांतून व्हावी, झरे व देवराया यांना हात लावू नये.

पहिली सही शेठजींची होती. दलाल तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि पाण्याचा हिशेब कळेपर्यंत जमीन विकणार नसल्याचे सांगितले. भाव उतरेल, असे तो म्हणाला. “उतरू दे,” शेठजी म्हणाले, “गिऱ्हाईक गावात राहिले, तर दुकान राहील.”

सूचनेचे पुढे काय होईल, ते त्यांच्या हाती नाही. नकाशा मात्र अजून गल्ल्याशेजारी आहे.