शॉवरमागची भेग

गुहागरात नळ खराब होतो तो बाहेरून. आमचं घर वरच्या पाटात, वाडी संपली की समुद्रच. खारा वारा न्हाणीघराच्या खिडकीतून शिरतो आणि नव्याकोऱ्या शॉवरच्या चकाकीवर पुटकुळ्या उठतात, मुलामा सुटतो, आतल्या पितळेवर हिरवट थर चढतो. पर्यटकांना खोल्या देत असल्यामुळे पान्हा आणि टेफ्लॉन टेप कायम हाताशी ठेवावी लागते. चिपळूणहून प्लंबर येईपर्यंत पाहुणा थांबत नाही. पण नळ आतून फुटतो, हे मला मुलीच्या घरी, अमेरिकेत मिनेसोटात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

मेचा हंगाम मुलावर सोपवून गेलो होतो. जावयांनी आदल्या उन्हाळ्यात जुना कॅम्पर ट्रेलर घेतला होता. गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर ते. आत ओटा, पलंग आणि अंग चोळताना कोपर भिंतींना लागावेत एवढीशी न्हाणी. ऑक्टोबरात टाकी रिकामी करून अंगणात झाकून ठेवलेला हा ट्रेलर हिवाळाभर तसाच होता. तिथे पारा उणे वीसच्याही खाली जातो. आमच्याकडे पौषात पहाटे अंगावर शाल घेतली की थंडी झाली!

झाकण काढलं, टाकी भरली, पंप सुरू केला. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, “बाबा, हा पंप थांबतच नाहीये.” या पंपाला दाब कळतो. नळ्या भरून दाब चढला की तो आपोआप बंद होतो, नळ उघडला की पुन्हा चालू. सगळे नळ बंद असताना तो घरघरत राहिला, याचा अर्थ पाणी कुठेतरी वाट काढत होतं. शॉवरच्या मागे एक फळी स्क्रूने बसवलेली असते. ती काढली तर आत भिंत ओली. गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या पाठीवर केसासारखी भेग, आणि तिच्यातून बारीक चिळकांडी.

पुढून मिक्सर लखलखीत होता. हात लावला तेव्हा कळलं, धातू नव्हेच, प्लॅस्टिकवर चढवलेला क्रोम. ट्रेलरचं वजन कमी राहावं म्हणून असं करतात म्हणे. मला ते सोंगच वाटलं.

“मी तर टाकी पूर्ण रिकामी केली होती,” जावई म्हणाले. केलीच होती. पण टाकी रिकामी झाली म्हणून नळ रिकामा होत नाही. मिक्सरच्या पोटात घोटभर पाणी राहतं, हातशॉवरच्या लोंबत्या नळीच्या बाकात राहतं, बाहेरून पाय धुण्यासाठी दिलेल्या छोट्या शॉवरमध्ये तर हमखास राहतं, कारण त्याची आठवणच होत नाही. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. त्यातून गंमत अशी, की बर्फ जिथे धरतो तिथेच फूट पडते असं नाही. नळीत बर्फाचं बूच बसतं आणि ते वाढताना पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतं. पाणी दाबलं जात नाही, पळायला जागा नाही. मग जे सर्वात कच्चं ते जातं. नळ्या लवचिक असल्याने त्या ताणून सावरल्या, मिक्सरला ते जमलं नाही. आणि बर्फ असेपर्यंत काही दिसतही नाही, कारण भेगही त्यानेच बुजवलेली असते. फुटतं जानेवारीत, गळतं मेमध्ये.

शेजारच्या आजोबांनी त्यांची पद्धत सांगितली. आधी गिझर वेगळा काढायचा, म्हणजे त्याला वळसा घालून पाणी पुढे जाईल असे कॉक फिरवायचे. मग कमी दाबाची हवा सोडून एकेक नळ गरम आणि गार दोन्हीकडे उघडायचा. शेवटी न गोठणारा गुलाबी द्रव पंपाने ओढून प्रत्येक तोंडातून गुलाबी येईपर्यंत सोडायचा, थोडा मोरीच्या वाकातही. तो पिण्याच्या नळ्यांना चालतो, मोटारीच्या इंजिनातला हिरवा मात्र विषारी. हातशॉवर नळीसकट काढून घरात न्यायचा. लडाखात थंडीत अनेक ठिकाणी सरळ नळच बंद करतात आणि पाहुण्याला गरम पाण्याची बादली देतात. मला तो उपाय जास्त पटला.

पितळी मिक्सर आणला. जुने आटे साफ करून, टेप गुंडाळून मीच बसवला. पंप घरघरला आणि थांबला. जावई खुशीत म्हणाले, “आता पितळ आहे, काळजी नाही.” म्हटलं, “तुम्ही पाणी ठेवलंत तर पितळही तडकेल. ऑक्टोबरात मी फोन करणार आहे.”

पुढच्या शनिवारी सुपीरियर सरोवराच्या काठी गेलो. ट्रेलरचा गिझर सहा गॅलनचा, म्हणजे जेमतेम तेवीस लिटर. जावई आणि नातू साबणाच्या फेसात असतानाच गार पाण्याने किंचाळले. मी पाणी पुन्हा तापू दिलं, अंग भिजवून शॉवर बंद केला, साबण लावला, पुन्हा उघडला. बादलीवर वाढलेल्या माणसाला तेवीस लिटर खूप झाले.